एक एकर ऊस, कोथरूडची खोली आणि जर्मनीतले पहिले सहा आठवडे

आमच्या कार्यालयात येणारा माणूस काय विचारील हे आम्हाला साधारण ठाऊक असते. हुमणीवर काय टाकू, ठिबकचं अनुदान कधी जमा होणार, विहिरीचा प्रस्ताव कुठं अडकला. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात भीमाकाठच्या गावातले एक ओळखीचे शेतकरी आले, टोपी काढून बाकावर बसले आणि म्हणाले, "साहेब, ते ब्लॉक अकाउंट म्हंजी काय असतं?"

त्यांचा मुलगा कृषी पदवीधर. राहुरीच्या विद्यापीठाखालच्या महाविद्यालयातून शिकलेला. पदवीनंतर तो कोथरूडला खोली घेऊन राहिला होता. गावाला वाटत होते, पोरगा स्पर्धा परीक्षा करतोय. तो शिकत होता जर्मन भाषा. आता जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला होता आणि कोथरूडमधल्या एका मध्यस्थाने सांगितले होते की, बारा लाख रुपये एकरकमी भरावे लागतील. वडिलांनी एक एकर ऊस विकायला काढला होता. गिऱ्हाईक ठरले होते, इसार घ्यायचा राहिला होता.

मी त्यांना म्हटले, "इसार घेऊ नका. आधी कागद बघू." त्या कागदांच्या निमित्ताने मला जे कळले आणि पुढे त्या मुलाने फोनवरून जे सांगितले, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. कारण हा एकाच घरचा प्रश्न राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून गावागावांत जर्मनीचे नाव निघते. नोकरीचा करार वेगळा आणि शिक्षणाला जाणे वेगळे, हे मात्र ध्यानात असू द्या. इथे आपण शिक्षणापुरतेच बोलू.

ते बारा लाख कुणाचे?

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना मुलाजवळ एक वर्षाच्या राहण्या-जेवण्याचे पैसे आहेत, हे दाखवावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे बारा लाख. ही रक्कम एका खास खात्यात ठेवतात. त्यालाच आपली मुले 'ब्लॉक अकाउंट' म्हणतात.

आता नीट समजून घ्या. ही फी नव्हे. हे पैसे विद्यापीठाचे नाहीत, सरकारचे नाहीत आणि मध्यस्थाचे तर मुळीच नाहीत. खाते मुलाच्या नावाचे असते. तो तिकडे पोहोचला की दरमहा ९९२ युरो त्याच्या हातात येतात. त्यातून खोलीचे भाडे, विमा, किराणा. व्हिसा नाकारला गेला, तर तसा कागद दाखवून रक्कम परत मिळते. धरणाचे पाणी आपले असते, पण पाळीप्रमाणेच सुटते, तसाच हा प्रकार.

मध्यस्थ मात्र रक्कम आपल्या खात्यावर भरा म्हणत होता, "पुढचं आम्ही बघतो." इथे सावध व्हायचे. ब्लॉक अकाउंट मुलाने स्वतः, स्वतःच्या पासपोर्टवर उघडायचे आणि पैसे बँकेतून थेट तिथेच पाठवायचे. मधल्या कुणाच्याही खात्यावर एक रुपया नको.

दुसरी गोष्ट. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सहामाहीला थोडे शुल्क असते. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना, काही सवलती सोडल्यास, सहामाहीला १,५०० युरो द्यावे लागतात. होहेनहाइम याच राज्यात येते, म्हणून ही रक्कम वेगळी धरावी लागली. अर्ज विद्यापीठाकडे थेट किंवा तिकडच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून मुलगा स्वतः करू शकतो. मध्यस्थ लागतोच असे नाही. काही मध्यस्थ मुलांना लाखो रुपये फीच्या खासगी संस्थांकडे वळवतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: संस्था सरकारी की खासगी?

जमीन विकायची का?

आपल्याकडे पैशाचा प्रश्न आला की नजर आधी सातबाऱ्यावर जाते. पण शैक्षणिक कर्जासाठी बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. थकबाकी वसुलीचा २००२ चा जो सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१ मधून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे बँकेला त्या तारणाचा भरवसा वाटत नाही. म्हणून माणूस थेट विकायला निघतो आणि घाईत विकलेल्या जमिनीला भाव कधी येत नाही.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार लागतो. त्यावर घर, सदनिका किंवा ठेव तारण लागते. या प्रकरणात मुलाच्या मामाची भोसरीतली सदनिका कामाला आली. दोन बँकांत चकरा झाल्या, तिसरीने कर्ज दिले. वरखर्चाला उसाचे बिल. एकर वाचला. कर्ज फुकटचे नाही, व्याज चालू आहे आणि शिक्षण संपल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर हप्ते सुरू होतील, हेही सांगून ठेवतो. पण कर्ज फिटते. विकलेली जमीन परत येत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्याच्या अटी व मुदत मुलाने आधीच पाहून ठेवाव्यात. जर्मनीची स्वतःची 'डाड' ही संस्थाही शिष्यवृत्त्या देते. शेतीच्या पदवीधरांनी त्या जरूर तपासाव्यात.

ग्रामसेवक आणि तलाठी बंधूंना एक विनंती. या मुलांचे घोडे बहुतेक वेळा नावावर अडते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर वेगळे, जन्मनोंदीत बापाचे नाव घरगुती, पासपोर्टवर चौथेच. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून 'एपीएस' नावाचे कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. तिथे नावातला फरक निघाला की पुढचे सगळे खोळंबते. दाखला देताना स्पेलिंग मुलासमोर वाचून घ्या. तुमची पाच मिनिटे जातील, त्याचे वर्ष वाचेल.

पहिला परदेश म्हणजे कोथरूड

मुलाला सोडायला वडील कोथरूडला गेले होते, तेव्हा कर्वे पुतळ्याजवळ थांबले. वनाजहून मेट्रो सुटते, खाली गाड्यांची रीघ. त्यांना पुतळा कुणाचा ते माहीत होते, त्यापलीकडे नव्हते. ती गोष्ट आपल्याला जवळची आहे, म्हणून सांगतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. परीक्षा द्यायला ते मुरूडहून साताऱ्याला घाट चढून पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्याच माणसाने पुढे कोथरूडच्या शेजारी हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांचा आश्रम नेला, ते साल १९००. आजचे कर्वेनगर ते हेच.

त्यांची सून इरावतीबाई कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेले. शाळा पुण्यात हुजूरपागेत, पुढे फर्ग्युसन. १९२८ मध्ये त्या शिकायला जर्मनीत बर्लिनला निघाल्या. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट करून आलेले. त्यांचा आग्रह होता, सुनेने जावे. सासऱ्यांना ते पसंत नव्हते. स्त्रियांच्या शिक्षणासाठी सगळे आयुष्य वेचलेला माणूस, पण घरातली सून परदेशी निघाली तेव्हा त्यांचेही मन तयार होईना. आपल्या वडीलधाऱ्यांना फार दोष देऊ नये तो यासाठी. आणि पैसे? ते तेव्हाही नव्हते. डॉ. जीवराज मेहतांनी कर्ज दिले. म्हणजे कर्ज काढून जर्मनीला जाणे ही पुण्याची शंभर वर्षांपूर्वीची रीत आहे म्हणा ना!

बर्लिनच्या डालेम भागातल्या मानवशास्त्र संस्थेत त्यांना काम मिळाले ते माणसांच्या कवट्या मोजायचे. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांची कवटी आणि म्हणून बुद्धी वेगळी, असे त्यांचे मत. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. फरक आढळला नाही. परक्या देशात, उसन्या पैशावर, ज्यांच्या हाताखाली पदवी घ्यायची त्यांच्याच मताविरुद्ध जे मोजले ते त्यांनी लिहिले. फिशर यांनी गुण कमी दिले, पण डॉक्टरेट मिळाली. दोन वर्षांनी त्या परत आल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर काम केले. 'युगान्त' हे त्यांचे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल.

सासऱ्यांचे काय झाले? १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, अण्णा कर्वे स्वतः युरोप, अमेरिका, जपानच्या दौऱ्यावर निघाले. त्या दौऱ्यात ते आईनस्टाईन यांनाही भेटले.

आणखी एक सांगतो, शेतकऱ्याला उपयोगी नसले तरी माहीत असावे असे. त्याच डालेममध्ये त्या काळी फ्रिट्झ हाबर यांची संस्था होती. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची रीत ज्यांनी शोधली ते हे हाबर. आपण उसाला जी युरियाची गोणी फोडतो, तिची सुरुवात त्या शोधात आहे.

पत्त्याची नोंद झाली की पुढचे सुरू

आता आपल्या मुलाकडे वळू. सप्टेंबरअखेर तो पोहोचला. पहिला आठवडा फोन यायचा तो एकाच विषयावर: खोली.

तिकडे कुठल्याही गावात राहायला गेले की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद नगरपालिकेच्या कचेरीत करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा सही केलेला कागद लागतो. ही नोंद नसेल तर बाकीची कामे लटकतात: साधे बँक खाते, करक्रमांक, राहण्याचा परवाना. साधे खाते नाही तर ब्लॉक अकाउंटचे ९९२ युरो येणार कुठे? आपल्याकडे सातबारा नाही तर पीककर्ज नाही, तशीच ही साखळी.

आपल्या मुलाने पहिले दहा दिवस ओळखीच्या ओळखीने तात्पुरती खोली घेतली होती. मालक नोंदीचा कागद देईना. वसतिगृहाच्या यादीत नाव होते, नंबर लागला नव्हता. वडील इकडे हैराण. "खात्यावर बारा लाख पडलेत आणि पोरगा ब्रेड खाऊन राहतोय, हा कुठला न्याय?" पण ते तसेच असते. तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहाची खोली मिळाली, नोंद झाली, खाते उघडले, आणि पहिली रक्कम आली तेव्हा महिना होत आला होता.

म्हणून पालकांनी हे लिहून ठेवावे:

एक, प्रवेशाचे पत्र हाती पडल्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करायचा. थांबायचे नाही.

दोन, ब्लॉक अकाउंट सोडून निदान दोन महिन्यांचा खर्च जवळ वेगळा ठेवायचा. खासगी खोली घेतली तर मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत अनामत मागतात.

तीन, पैसे देण्याआधी विचारायचे, "पत्त्याच्या नोंदीचा कागद मिळेल का?" खोली न पाहता, चावी न घेता आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत.

चार, आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्याशिवाय विद्यापीठात नाव लागत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण सव्वाशे ते दीडशे युरो पडतात, ते ९९२ मधूनच जातात.

पाच, विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण पहिल्या दोन महिन्यांत काम मिळेल आणि तो घरी पैसे पाठवील, असा हिशेब कुणी धरू नये. भाषा कच्ची असली तर काम लवकर मिळत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कचेरी, दुकान, दवाखाना जर्मनमध्येच चालतो. कोथरूडच्या खोलीत काढलेले ते सहा-सात महिने इथे कामी आले.

लहान लहान गोष्टी

पहिल्या रविवारी घरात पीठ-मीठ नव्हते आणि दुकाने सगळी बंद. तिकडे रविवारी बाजार बंद असतो. आई म्हणाली, "अगं बाई, आपला तर बाजारच रविवारी भरतो!" तेव्हापासून तो शनिवारी सामान भरतो.

पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळतात. पूर्वी आपल्याकडे सोड्याची बाटली परत केल्यावर पैसे मिळायचे, तेच. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, चुकीच्या डब्यात टाकला तर शेजारी चिठ्ठी लावतो. आपल्या मुलाच्या दारावरही एक लागली. पहिल्यांदा त्याला अपमान वाटला. मग त्याने शेजाऱ्याचेच दार वाजवून कोणता डबा कशाचा ते विचारून घेतले. पुढे त्याच शेजाऱ्याने त्याला जुनी सायकल दिली.

कचेरीत जायचे तर आधी वेळ घ्यावी लागते, त्याला 'टर्मिन' म्हणतात. दहा म्हणजे दहा. साहेब जेवायला गेलेत, नंतर या, हा प्रकार नाही. पण टर्मिन नसेल तर कितीही विनवणी करा, काम होत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात. तोवर आपल्यात नि त्यांच्यात साडेतीन तासांचे अंतर होते, त्या दिवसापासून साडेचार. मुलगा रोज तिकडच्या पाचला, म्हणजे आपल्या साडेआठला फोन करायचा. त्या रविवारी साडेआठ झाले, नऊ झाले, फोन नाही. आईने ताट झाकून ठेवले. वडील मोटर बंद करायला म्हणून गेले ते विहिरीवरच बसून राहिले. साडेनऊला फोन आला. पोराने वेळेवरच केला होता, घड्याळच सरकले होते. इरावतीबाईंच्या काळी पत्र बोटीने यायचे, त्याला आठवडे लागायचे. आपल्याला एक तास काढणे जड जाते.

नोव्हेंबरात तिकडे साडेचारला अंधार पडू लागतो. ऊन दिसत नाही. या दिवसांत मुले मनाने खचतात. त्याचे फोन तुटक येऊ लागले. वडील म्हणाले, "नीट बोलत नाही, माजला वाटतं." मी म्हटले, "माजला नाही, एकटा पडलाय. मार्कांचं विचारू नका, काय खाल्लं ते विचारा." पालकांनो, हे लक्षात ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत कर्जाच्या हप्त्याचा विषय फोनवर काढू नका. तो त्याच्या डोक्यात असतोच.

दुष्काळातून उभे राहिलेले विद्यापीठ

शेवटी त्या विद्यापीठाविषयी. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेने १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली, माणसे उपाशी मेली. त्यानंतर व्युर्टेनबर्गच्या राजाने, पहिल्या विल्हेल्मने, १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतीची शिक्षणसंस्था काढली. तेच आजचे विद्यापीठ. त्याच साली त्याने स्टुटगार्टजवळ कानश्टाटला शेतकऱ्यांचा मेळा भरवला. तो मेळा आजही सप्टेंबरअखेर सुरू होतो. मधोमध धान्याने, फळांनी सजवलेला उंच खांब असतो. दर चार वर्षांनी सोबत मोठे कृषी प्रदर्शन भरते.

आपला मुलगा पोहोचला त्याच आठवड्यात तो मेळा चालू होता. खोली नाही, खाते नाही, ओळख नाही, अशा दिवसांत तो त्या खांबाखाली जाऊन उभा राहिला आणि वडिलांना फोटो पाठवला. वडिलांनी तो फोटो मला कार्यालयात आणून दाखवला. म्हणाले, "दुष्काळ पडला म्हणून राजानं कॉलेज काढलं. आपल्याकडं टँकर काढत्यात." मी काही बोललो नाही.

डिसेंबरात मुलाचा फोन आला तो वेगळ्याच कामाचा. मातीच्या वर्गात त्याला स्वतःच्या शेतावर टिपण लिहायचे होते. "आबा, त्या एकराचा माती परीक्षणाचा अहवाल पाठवा." अहवाल नव्हताच. इतक्या वर्षांत त्या रानाची माती कधी तपासलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आबा दारात हजर. आम्ही दोघांनी मिळून त्या एकरात आठ ठिकाणी खड्डे घेतले, माती एकत्र करून चार भागांची पद्धत लावून अर्धा किलो नमुना काढला आणि प्रयोगशाळेला पाठवला.

सेंद्रिय कर्ब कमी निघाला. पाचट जाळू नका हे मी त्यांना सहा वर्षे सांगत होतो. यंदा त्यांनी जाळले नाही.

तुमच्या घरातले कुणी जर्मनीला निघाले असेल तर कागद घेऊन आधी बँकेत जा, विद्यापीठाचे पत्र स्वतः वाचून घ्या, आणि इसार घेण्याआधी निदान एकदा कुणाला तरी विचारा. आम्हाला विचारलेत तरी चालेल. हुमणीचे उत्तर देतो, तसे याचेही शोधून देऊ.